सरांच्या नावाची छत्री

१२ जून
आजपासून रोजनिशी. नियम: फक्त निरीक्षणं. भावना नाहीत. सबबी नाहीत. थोडं लिहायचं. कोणी वाचणार नाही, तरी अक्षर नीट काढायचं.

निरीक्षण पहिलं: डिपार्टमेंटच्या जिन्याखालच्या कुंडीत मला एक नवी प्रजाती सापडली आहे.

टोपी आखडलेली, उघडतच नाही. देठ वाकडा. सगळ्या अंगावर पांढरी, कापसासारखी लव. अशी छत्री मी वीस वर्षांत पाहिलेली नाही, आणि मी छत्र्याच पाहतो. अळंब्या आणि बुरश्यांचं वर्गीकरण हाच माझा धंदा. एका नजरेत कळलं. याला अनुभव म्हणतात.

शंकाबाईला दाखवली. शंकाबाई म्हणजे लॅबमधली माझी ज्युनिअर. प्रत्येक गोष्टीवर तिला शंका असते म्हणून हे नाव. मी दिलेलं, तिला माहीत नाही. वाकून बघत म्हणाली, अहो, ही आजारी आहे. मी म्हणालो, नवीन काहीही सुरुवातीला आजारीच दिसतं. ती म्हणाली, हे कुठल्या पुस्तकात आहे?

१३ जून
बीजाणूंचा ठसा घेतला. म्हणजे टोपी कापून कागदावर पालथी ठेवायची, वर ग्लास झाकायचा. सकाळपर्यंत तिचे बीजाणू गळतात आणि कागदावर रंगीत ठसा उमटतो. तो रंग कोणता, हा आमच्या विद्येतला पहिला प्रश्न. पहिल्या वर्षाच्या मुलांनाही तो येतो.

ग्लास उचलला. कागद कोरा.

निष्कर्ष: प्रजाती लाजाळू आहे. ही वेगळेपणाची खूण धरावी.

१५ जून
मायक्रोस्कोप. बीजाणू सापडले! अतिशय बारीक. आणि नुसते टोपीखालच्या पातींवर नाहीत. टोपीवर, देठावर, सगळीकडे. देठावर बीजाणू धरणारी अशी छत्री मला तरी माहीत नाही. स्लाइड हातातून दोनदा निसटली. ही भावना नाही, निरीक्षण आहे.

घरी फोन केला. हिला म्हणालो, ऐक, मी बहुधा जगातला पहिला माणूस आहे, ज्याने. ही म्हणाली, बरं, आणि येताना दूध.

दूध विसरलो.

१७ जून
नावाचा विचार.

आमच्यात एक रीत आहे. आपण शोधलेल्या प्रजातीला आपलंच नाव द्यायचं नाही. कायदा नाही, पण दिलं तर लोक जन्मभर हसतात. रीत मूर्ख आहे.

हिला विचारलं, तुझं देऊ का? ही म्हणाली, बुरशीला माझं नाव? तुमच्या बहिणीचं द्या, शोभेल.

मग सुचलं. सर.

सर म्हणजे माझे गाइड. ऑगस्टमध्ये ऐंशी पूर्ण होतील. नजर जवळजवळ गेली आहे. सगळे त्यांना मागून 'कात्री' म्हणतात. लोक एकाच छत्रीला दहा नावं देतात आणि त्यावर दहा पदव्या मिळवतात. सरांनी आयुष्यभर ही खोटी नावं शोधून छाटली. ज्यांची छाटली, ते बोलायचे बंद झाले. म्हणून सरांच्या नावाची एकही प्रजाती नाही. कोण देणार?

मी देणार. आडनावाला लॅटिन शेपूट लावलं की झालं.

शंकाबाई दर रविवारी सरांकडे जाते, त्यांना नवे पेपर वाचून दाखवते. मला रविवारी वेळ नसतो. नाव देतो आहे ते त्याच्या भरपाईसाठी नाही. नोंद असावी.

२१ जून
नमुना वाळवला. एक तुकडा डीएनएसाठी बाहेरच्या लॅबला पाठवला. एक घरच्या फ्रिजमध्ये. ही म्हणाली, मी भाजीवरची बुरशी टाकून देते आणि तुम्ही ती डब्यात भरून घरी आणता. फ्रिज माझा की तिचा, एकदा काय ते ठरवा.

वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात हलवला. तडजोड.

२ जुलै
रिझल्ट आला. लॅब म्हणते, ही छत्री नाहीच. छत्र्यांवर वाढणारी एक साधी बुरशी आहे.

हलगर्जीपणा. नमुन्यात बुरशी शिरू दिली. फोन करून झापलं. तिथला टेक्निशियन म्हणाला, तुम्ही जे पाठवलं तेच आम्ही वाचलं. हवं तर पुन्हा पाठवा, पण या वेळी वरची लव नको, आतला गर घ्या. मी म्हणालो, आता तुम्ही मला शिकवणार?

आतला गर घेतला.

६ जुलै
सरांच्या मुलीला, ताईला, फोन केला. सरांना ऐंशी पूर्ण होतात म्हणून डिपार्टमेंट सत्कार करणार आहे, त्याची तारीख तेवढी विचारायची होती. बोलता बोलता तोंडातून निघून गेलं. मग म्हणाली, खरंच? थांब हं, बाबांना सांगते. फोन तसाच ठेवून गेली.

परत आली तेव्हा आवाज बदलला होता. म्हणाली, बाबांनी ते नाव माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. मग म्हणाले, कपाटातला कोट काढ, इस्त्रीला दे. म्हणाली, आई गेल्यापासून कोट घातला नव्हता रे त्यांनी.

आनंद झाला. (भावना. एकवार माफ.) दुसरा रिझल्ट यायचा आहे. येईल चांगलाच.

१४ जुलै
आला. नव्व्याण्णव टक्के जुळतो तो कुंडीत उगवणाऱ्या पिवळ्या छत्रीशी. जिला कुंडी दिसली की पुरे, ती उगवते. आमच्या गॅलरीतही आहे.

उरला एक टक्का. विज्ञान त्या एका टक्क्यातच असतं.

जेवणाच्या सुट्टीत जिन्याखाली गेलो. त्याच कुंडीत, माझी सापडली तिथून वीतभर अंतरावर, एक पिवळी छत्री उभी. शेजार म्हणजे नातं नव्हे.

तिच्या पलीकडे आणखी एक. वरून पिवळी. खालून पांढरी लव चढत आलेली. टोपी आखडायला लागलेली.

बराच वेळ उभा होतो. शिपाई म्हणाला, साहेब, काही पडलं का? म्हणालो, नाही.

ती उपटून खिशात घातली. कारण: स्वच्छता.

१५ जुलै
छातीत जळजळ. अ‍ॅसिडिटी. कान गरम. रक्तदाब असावा म्हणून मोजला. नॉर्मल. मशीन जुनं झालं आहे.

१९ जुलै
पेपर पूर्ण. डीएनएचा उल्लेख नाही. सरांनी आयुष्यभर डोळ्यांनी आणि बोटांनी काम केलं. त्यांच्या नावाच्या प्रजातीला यंत्राची साक्ष लावणं म्हणजे त्यांचा अपमान. वाक्य चांगलं जमलं आहे. पेपरात घालता येत नाही.

२७ जुलै
छापून आला. या जर्नलवाल्यांचं काम झटपट. परीक्षकाचा अभिप्राय एका ओळीचा: सुंदर अळंबी, अभिनंदन.

आमचा नियम असा, की नाव एकदा रीतसर छापलं की ते पुसता येत नाही. पुढे कोणी चूक दाखवली तर ते खऱ्या नावाच्या खाली, बारीक अक्षरात जातं. पण जात नाही. दोनशे वर्षांनीही तिथे असतं. हा नियम मी मुलांना दरवर्षी कौतुकाने शिकवतो.

आज शिकवायचा होता. तास रद्द केला.

३० जुलै
शंकाबाई माझ्या पेपरची प्रिंट घेऊन आली. दार लोटून घेतलं. बसली नाही. म्हणाली, अहो, टोपी उघडत नाही, ठशाचा पत्ता नाही, बीजाणू देठावर. छत्री तुम्ही मोजलीत ती आजारी, आणि बीजाणू मोजलेत ते तिच्या आजाराचे. सर्दी झालेल्या माणसाला तुम्ही नवीन प्राणी ठरवलंत.

मी म्हणालो, तुला सापडली नाही म्हणून वाईट वाटतंय का?

ती म्हणाली, मी कोणाला काही सांगणार नाही. पण सरांना सांगा. सत्काराच्या आधी. त्यांनी जन्मभर हेच तर छाटलं हो. आणि आता त्यांच्याच नावाने.

प्रिंट टेबलावर ठेवून गेली. मत्सर वाईट.

मत्सर नाही, हे मला कळतं. पण वरचं वाक्य खोडत नाही. पान खराब दिसेल.

४ ऑगस्ट
ही धुणं काढत होती. पँटच्या खिशातून एक वाळकी वस्तू निघाली. ती आणून माझ्या ताटाशेजारी ठेवली. अर्धी पिवळी, अर्धी पांढरी. म्हणाली, हे काय? म्हणालो, नमुना. म्हणाली, नमुने तुम्ही पाकिटात ठेवता, चिठ्ठी लावून. खिशात तुम्ही बिल लपवता.

मग गॅलरीत गेली. कुंडीतली एक पिवळी घेऊन आली. तिच्या शेजारी ठेवली.

बराच वेळ भात कालवत बसली. मग म्हणाली, सरांचा कोट इस्त्री होऊन आला असेल ना हो?

भूक नव्हती. जेवलो.

निश्चय: रविवारी सरांकडे जाऊन सगळं सांगणे.

९ ऑगस्ट, रविवार
गेलो. वाटेत वाक्य पाठ केलं: सर, माझ्याकडून एक चूक झाली आहे. छोटं, स्पष्ट.

शंकाबाई आज आली नव्हती. मला जागा करून दिली असावी.

कोट खुंटीवर होता. सर खुर्चीत. माझी पावलं ऐकून म्हणाले, ये रे गाढवा. सर आवडत्या माणसालाच गाढव म्हणतात. मला वीस वर्षांत पहिल्यांदा म्हणाले.

ताईने त्यांना पेपर पुन्हा पुन्हा वाचून दाखवला आहे. सरांना वर्णन पाठ झालं आहे. देठाच्या मापासकट म्हणून दाखवलं. मग म्हणाले, एक विचारू? ठसा घेतला होतास ना?

म्हणालो, हो. हे खरं आहे. घेतला होता.

म्हणाले, रंग?

म्हणालो, पांढरा.

कागद पांढरा होता.

सर म्हणाले, हं. ताईला म्हणाले, याला चहा टाक. चहा प्यालो. पाठ केलेलं वाक्य जसंच्या तसं घरी परत आणलं.

१३ ऑगस्ट
डिपार्टमेंटच्या हेडना उत्साह आला आहे. जिन्याखालच्या कुंडीभोवती दोरी बांधली. पाटी लावली: नव्या प्रजातीचे जन्मस्थान. माळ्याला रोज दोनदा पाणी घालायला सांगितलं.

परिणाम: कुंडीत पिवळ्या छत्र्यांची रांग.

१७ ऑगस्ट
रोज सगळ्यांच्या आधी येतो आणि उपटतो. आज माळ्याने दोरीच्या आत ओणवा पकडला. म्हणाला, तुम्ही होय साहेब! मी म्हटलं घूस लागली की काय.

म्हणालो, संशोधन चालू आहे. तो म्हणाला, मग पाणी घालू का बंद करू? म्हणालो, हेडना विचार. मग म्हणालो, नको विचारूस.

शर्टाच्या खिशाला पिवळा डाग पडला आहे. हिने पाहिला. घासला नाही. तसाच वाळत घातला.

२१ ऑगस्ट
उद्या सत्कार. निश्चय: कार्यक्रमाच्या आधी सरांना बाजूला घेऊन सांगणे. भाषणं दोन तयार आहेत. खरं तीन ओळींचं आहे. दुसरं चार पानी.

आजारी पडण्याचा प्रयत्न केला. जमलं नाही.

२२ ऑगस्ट
हॉल भरला होता. सर लवकर आले होते, पहिल्या रांगेत, कोट घालून. कोट आता खांद्यांना मोठा होतो. मी त्यांना बाजूला घेणार, तेवढ्यात हेड आले आणि फोटो सुरू झाले.

खरं म्हणजे हेड लांब उभे होते. मीच हाक मारली.

चार पानी भाषण केलं. टाळ्या. नमुना, कापलेली टोपी देठाला परत चिकटवून, काचेच्या पेटीत सरांच्या पुढ्यात ठेवला. सर म्हणाले, उघड. मूळ नमुन्याला असा हात लावायचा नसतो, पण सरांना ते कोण सांगणार? त्यांनी छत्री उचलली. अंगठ्याने टोपी चाचपली. मग देठावरची पांढरी लव नखाने हळूहळू खरवडली. ताईपुढे धरली. म्हणाले, बघ गं, आत रंग कोणता आहे?

माइक चालू होता.

ताई म्हणाली, पिवळा आहे, बाबा. कौतुकाने म्हणाली.

सरांनी छत्री पेटीत ठेवली. झाकण चाचपून लावलं. बोलायला उभे राहिले. म्हणाले, मी खूप लोकांनी दिलेली नावं छाटली. ज्यांच्या नावाने ती दिलेली असत, त्यांना काय वाटत असेल याचा विचार करायला कधी सवड झाली नाही. आज झाली.

हॉल हसला. हेड सगळ्यात मोठ्याने. शंकाबाई हसली नाही. ही हसली नाही.

पायऱ्या उतरताना मी हात पुढे केला. सरांनी धरला. कानाशी म्हणाले, उद्या सकाळी घरी या.

'या' म्हणाले.

२३ ऑगस्ट
गेलो. सरांनी ताईला बाजारात पाठवून दिलं.

म्हणाले, कधी कळलं? म्हणालो, काल. सर थांबले. म्हणालो, पेपर छापल्यावर. सर थांबले. समोरचा माणूस थांबला की खोटं बोलणं फार अवघड जातं. म्हणालो, जुलैत. छापायच्या आधी.

म्हणाले, आजारी छत्रीने मलाही एकदा फसवलं होतं. त्यात लाज नाही. पण मी फसलो होतो. तुम्ही फसला नाहीत.

पाणी मागितलं. मी दिलं. अर्धं प्यायले. म्हणाले, जर्नलसाठी टीप लिहून घ्या.

सांगू लागले: हे नाव रद्द समजावे. हा स्वतंत्र जीव नसून परजीवी बुरशीने ग्रासलेली कुंडीतली पिवळी छत्री आहे. आवाज वर्गातला, नेहमीचा. स्वतःचं आडनाव लॅटिन शेपटासकट अक्षर अक्षर करून सांगितलं, परक्याचं सांगावं तसं.

म्हणालो, सर, टिपेवर तुमचंही नाव घालू? म्हणाले, नको. जो लावतो त्यानेच काढावं. माझं एकदा छापलंत, तेवढं पुरे.

वाचून दाखवायला लावलं. वाचलं. मग म्हणालो, सर, मला माफ. ते म्हणाले, दुसऱ्या ओळीत श्वास घ्यायला जागा नाही. स्वल्पविराम द्या.

निघताना म्हणाले, पुढे कधी कोणी माझं नाव शोधलं, तर ते कुंडीतल्या छत्रीखाली सापडेल. ऊन तरी लागणार नाही.

मी हसलो. मग लक्षात आलं की मी एकटाच हसतो आहे.

२४ ऑगस्ट
हिला सगळं सांगितलं. कुंडीपासून. ही म्हणाली, मला माहीत होतं, मी वाट बघत होते. म्हणालो, मग बोलली का नाहीस? म्हणाली, तुमचं तोंड आहे ना.

२६ ऑगस्ट
हेडना सांगितलं. ते बराच वेळ पेपरवेट फिरवत राहिले. म्हणाले, पाटी तरी आपण जरा थांबून काढू या. मी म्हणालो, आत्ताच काढतो. पहिल्यांदा त्यांच्यापुढे एवढं धीट बोललो. गाठ सुटेना. शेवटी माळ्याने सोडवली.

२९ ऑगस्ट
टीप पाठवली. सरांचं लिखाण आयुष्यभर जिथे छापून आलं, त्या जर्नलला. सरांनी सांगितलेल्या मजकुरात एक वाक्य कमी होतं. घातलं: हे नाव प्रसिद्ध करताना लेखकाला वस्तुस्थिती ठाऊक होती. खोडलं. पुन्हा घातलं. शास्त्रीय टिपेत अशा वाक्याला जागा नसते, ते काढतीलच. तशी मनात थोडी आशाही होती.

छातीत जळजळ. अ‍ॅसिडिटी नाही.

२७ सप्टेंबर, रविवार
टीप छापून आली. वाक्य काढलेलं नाही.

प्रत घेऊन सरांकडे गेलो. दारात चपला काढल्या. दार अर्धं उघडं होतं. आत शंकाबाई वाचत होती. माझीच टीप. मी बाहेरच थांबलो.

ते वाक्य आलं. ती अडखळली. सर म्हणाले, पुन्हा वाच. तिने पुन्हा वाचलं. मी वाट पाहिली. काय ऐकायचं होतं, ते इथेही लिहवत नाही.

सर म्हणाले, दारात कोण आहे गं?

शंकाबाईने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. हसली नाही, रागावलेलीही नव्हती. खुर्चीवरची आपली पिशवी उचलून खाली ठेवली. खुर्ची रिकामी झाली. माझ्यासाठीच.

मी 'नको' अशी मान हलवली.

ती जरा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, कोणी नाही, सर.

आवाज होऊ नये म्हणून चपला हातात घेऊन जिना उतरलो.